आवाजावरून आरोपी ठरवू नका

क्राइम ऑडिओबुक ऐकणाऱ्या कोणालाही विचारा कसं होतं म्हणून, तो आधी आवाजाबद्दल बोलतो आणि मग गोष्टीबद्दल. "वाचलंय भारी", "फार नाटकी वाचतो तो माणूस", "बायकांचे आवाज काढताना उगाच नाकात बोलतो", "खुनी कोण ते मला तिसऱ्या चॅप्टरलाच कळलं, त्याच्या बोलण्यावरूनच कळलं". हे शेवटचं वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्यावर नीट लिहायला पाहिजे असं वाटायला लागलं. लोक ते सहज बोलून जातात, थोडं अभिमानानं पण, की बघा मी कसं पकडलं, पण त्यात ऐकणाऱ्याची हुशारी काही नाहीये, ती वाचणाऱ्याची चूक आहे, आणि नुसती गोष्टीपुरती चूक असती तर मी इतकं मनावर घेतलं नसतं, तिच्या मागे आपल्या सगळ्यांच्या कानाला लागलेली एक वाईट सवय आहे.

नाशिकमध्ये ऐकणारे भरपूर आहेत. पंचवटी एक्सप्रेसच घ्या, १९७५ पासून ही गाडी नाशिककरांना मुंबईला नेतेय आणि आणतेय, पासवाल्यांची अख्खी नोकरी त्या डब्यात गेली, पूर्वी पत्ते असायचे, पेपरमधलं कोडं असायचं, आता निम्म्या डब्याच्या कानात इअरफोन. इगतपुरी सोडलं की घाटात बोगद्यामागून बोगदे येतात आणि रेंज गायब होते, म्हणून लोक आदल्या रात्री घरच्या वायफायवर पुस्तक डाउनलोड करून ठेवतात. गंगापूर रोडला सकाळी चालायला जाणाऱ्या मावश्या ऐकतात, सातपूर आणि अंबडच्या कंपन्यांच्या बसमध्ये सेकंड शिफ्टवाले ऐकतात, दिंडोरीकडचा माझा एक मित्र द्राक्षबागेत ड्रिपचे व्हॉल्व फिरवत फिरवत ऐकतो. आणि या सगळ्यांच्यात सर्वात जास्त चालतं ते क्राइमच, कारण हात कामात असताना मन धरून ठेवायचं काम खुनाची गोष्ट जितकी चांगली करते तितकी दुसरी कुठलीच करत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. वाचणाऱ्याला खुनी कोण ते माहीत असतंच, नीट काम करणारा नॅरेटर रेकॉर्डिंगच्या आधी अख्खं पुस्तक वाचतो, पात्रांच्या नोंदी काढतो, कोण कुठून आलाय, किती वयाचा आहे, कसा बोलतो. पण ते माहीत असणं त्याच्या आवाजात ऐकू येता कामा नये. आणि एखाद्याचा गुन्हा सिद्ध व्हायच्या आधीच नुसत्या बोलीवरून त्याला गुन्हेगार करून टाकायचा हक्क तर त्याला अजिबातच नाही.

ही अडचण काही आजची नाही. ब्रिटनमध्ये १९३५ साली दृष्टिहीनांसाठी बोलती पुस्तकं सुरू झाली, पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेले सैनिक हे त्यामागचं मोठं कारण होतं. रेकॉर्डच्या एका बाजूला साधारण २५ मिनिटं मावायची, म्हणजे एक कादंबरी ऐकायची तर रेकॉर्डची चळतच लागायची. आणि त्या अगदी पहिल्या पुस्तकांमध्ये अगाथा ख्रिस्तीची १९२६ ची, रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनाची कादंबरी होती. ज्यांनी ती वाचलीय त्यांना कळेल की वाचणाऱ्याच्या आवाजाची याहून कठीण परीक्षा शोधून सापडली नसती, ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी मी इथे काहीच फोडत नाही. सांगायचं इतकंच की ऑडिओबुकचा जन्म झाला तेव्हापासून हा प्रश्न त्याच्या सोबत आहे, आवाजानं रहस्य सांभाळायचं कसं.

पूर्वी लायब्ररीतून रहस्यकथा आणायची लोकांना केवढी हौस होती, एकट्या बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर लिहिल्या आणि लोकांनी त्या पानं सुटेपर्यंत वाचल्या. त्यात एखादा नतद्रष्ट वाचक असायचाच जो पहिल्या पानावर पेन्सिलनं खुन्याचं नाव लिहून पुस्तक परत करायचा. आपल्याकडचे कितीतरी नॅरेटर आज तेच करतायत, फक्त पेन्सिल नाही, आवाज वापरतात.

कसं करतात ते सांगते. समजा पुस्तकात एक वाक्य आहे, "पोलीस आत गेले तेव्हा दिवा बंद होता आणि पंखा चालू होता." छापील पानावर या वाक्याला आजूबाजूच्या वाक्यांइतकंच वजन असतं, लेखकानं मुद्दाम ते चहाच्या कपांच्या आणि चपलांच्या वर्णनात लपवलेलं असतं, तिथेच तर त्याचं कसब आहे. नॅरेटर येतो, "पंखा" च्या आधी थांबतो, "पंखा" दाबून म्हणतो, नंतर परत थांबतो. संपलं. आता तो पंखा कोणीच विसरणार नाही. वाचकाला जे स्वतःचं स्वतः सापडायचं होतं ते त्याच्या ताटात वाढून ठेवलं. काही ठिकाणी तर खाली म्युझिक पण देतात, क्लू आला की ढँण करून वाजवायचं. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण लेखकानं महिनोन्महिने जे झाकून ठेवलं ते एका सुरात उघडं पडतं आणि दोष लेखकावर येतो, की काय प्रेडिक्टेबल गोष्ट आहे.

म्युझिकबद्दल आत्ताच बोलून घेते आणि सोडून देते. ऑडिबल या ऑडिओबुकच्या ॲपसाठी पुस्तकं तयार करायचं एसीएक्स नावाचं जे संकेतस्थळ आहे, त्यांचा नियमच आहे की कोणी बोलत नसताना रेकॉर्डिंगमधला आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली असला पाहिजे. म्हणजे इतकी स्वच्छ शांतता मिळवायला लोक गाद्या लावून, फ्रिज बंद करून, रात्री दोन वाजता रेकॉर्डिंग करतात, आणि नंतर कोणीतरी येऊन त्या शांततेत पावसाचा आणि कुत्र्याच्या रडण्याचा आवाज ओततं. खुनाच्या गोष्टीत शांततेला काम असतं, ते तिला करू द्यावं.

आता मराठीत एक अडचण आहे जी इंग्रजीवाल्यांना इतकी नाही, आणि तिच्याबद्दल कोणी फारसं बोलताना मला दिसत नाही. बऱ्याच क्राइम कादंबऱ्यांमध्ये मधेमधे खुन्याच्या मनातली छोटी प्रकरणं असतात, "मी" वापरून लिहिलेली, आणि तो पुरुष आहे की बाई हे शेवटपर्यंत कळू द्यायचं नसतं. मराठीत "मी गेलो" म्हटलं की पुरुष, "मी गेले" म्हटलं की बाई, "जातो" आणि "जाते" तसंच. म्हणून हुशार लेखक आणि अनुवादक वळसा घालतात, "मी दार उघडलं", "मला तो दिसला", "मी परत येईन", यात कुठेच लिंग कळत नाही. इतकी मेहनत घेऊन पानंच्या पानं लिहिलेली असतात. आणि ऑडिओबुकात ती प्रकरणं एखाद्या भारदस्त पुरुषी आवाजात येतात! मग त्या सगळ्या मेहनतीचं काय झालं? यावर उपाय आहे, जो आवाज अख्खं पुस्तक वाचतोय त्यानंच, त्याच सुरात, वेगळं काही न करता ती प्रकरणं वाचायची, म्हणजे तो निवेदकाचा आवाज राहतो, खुन्याचा होत नाही. पण होतं काय, वेगळा नॅरेटर आणायचा मोह होतो, घोगरा, कुजबुजणारा, कारण जाहिरातीत ते चांगलं वाजतं.

इथपर्यंतचं सगळं कारागिरीचं झालं, ते शिकता येतं, सुधारता येतं. मला ज्याचा राग आहे ते पुढे आहे.

१९२९ साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं, जो स्वतः डिटेक्टिव्ह कथा लिहायचा, रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. गुन्हेगार गोष्टीत लवकर आला पाहिजे, डिटेक्टिव्हला सापडलेला पुरावा वाचकालाही दाखवला पाहिजे, असे. त्यातला पाचवा नियम आज वाचला तर दचकायला होतं, गोष्टीत चिनी माणूस असता कामा नये, असा तो आहे. शब्द वाईटच आहेत. पण तो आला कशामुळे ते बघा, त्या काळच्या स्वस्त थ्रिलरमध्ये चिनी पात्र आलं की तोच खलनायक, हे इतकं ठरलेलं होतं की वाचकाला विचार करायचं कामच उरायचं नाही. नॉक्सनं पात्रच काढून टाकलं, मी असते तर आळशी लेखकाला काढलं असतं. पण रोग त्यानं बरोबर पकडला होता. परका दिसला, वेगळा बोलला, की गुन्हेगार.

आता आपली मराठी ऑडिओबुकं आणि ऑडिओ सिरीज ऐका. मी ऐकलेल्यांपैकी बऱ्याच ठिकाणी इन्स्पेक्टर स्वच्छ प्रमाण मराठी बोलतो. डॉक्टर, वकील, मेलेल्या माणसाची शिकलेली बायको, सगळे तसेच बोलतात. आणि वॉचमन, ड्रायव्हर, सुपारी घेणारा, ट्रकवाला, घरकाम करणारी बाई, हे मात्र "गावाकडचं" बोलतात. पुस्तकात लिहिलेलं असो वा नसो! हे महत्त्वाचं आहे. मी एक कादंबरी आधी वाचली होती आणि नंतर ऐकली, छापील पुस्तकात ड्रायव्हरचे संवाद सरळ प्रमाण भाषेत होते, फक्त तो मालेगावकडचा आहे एवढंच लिहिलं होतं, आणि ऑडिओत तो पहिल्याच वाक्याला "व्हय जी सायेब" करत आला. लेखकानं जे केलं नव्हतं ते नॅरेटरनं स्वतःहून केलं.

आणि ते पण चुकीचं केलं. "व्हय" आणि "लई" हे कोल्हापूर-साताऱ्याकडचं, पुढच्या प्रसंगात त्याच माणसाच्या तोंडी "काहून बे" आलं, ते वऱ्हाडातलं. आमच्याकडे मालेगाव, सटाणा, कळवण, देवळा या पट्ट्यात अहिराणी बोलतात, माझं माहेर सटाण्याचं आहे, मी ती ऐकत मोठी झालेय. तिथे "आहे" ला "शे" म्हणतात, "माझं" ला "मना", कुठे चाललास म्हणायला "कथा जाई ऱ्हायना", आणि "ळ" चा "य" होतो, डोळ्याचा डोया होतो. ही बोली विनोदी नाही आणि धमकीची पण नाही, माझ्या आजीनं तिच्यात आम्हाला झोपवलंय आणि माझ्या काकांनी तिच्यात बँकेची कर्जं मंजूर करून घेतलीत. २०११ च्या जनगणनेत खानदेशी, जिच्यात अहिराणी येते, वेगळी मोजली तेव्हा बोलणारे १८ लाखांच्या वर भरले. इतक्या लोकांची भाषा नॅरेटरच्या लेखी एकच, "गावठी", आणि ती कुठल्याही जिल्ह्यातून उचलून कोणाच्याही तोंडात कोंबता येते.

शाळेच्या पुस्तकात बहिणाबाईंची कविता आली की सगळा महाराष्ट्र खानदेशच्या बोलीचं कौतुक करतो, किती गोड, किती मातीतलं. तोच सूर रहस्यकथेत आला की संशयिताचा होतो. असं का, हे कोणीतरी विचारायला नको का?

कोणी म्हणेल की एवढं काय त्यात, करमणूक आहे. मग हे ऐका. २००२ साली इंग्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना पोलीस चौकशीचं रेकॉर्डिंग ऐकवलं, काहींना जे ऐकवलं त्यात संशयित बर्मिंगहॅमच्या बोलीत बोलत होता आणि काहींना जे ऐकवलं त्यात प्रमाण इंग्रजीच्या जवळचं. बर्मिंगहॅमच्या बोलीत बोलणारा लोकांना जास्त दोषी वाटला. बर्मिंगहॅमच्या बोलीची तिकडच्या करमणुकीत बरेचदा टिंगलच होते. कान असेच तयार होतात, एकेका गोष्टीनं, एकेका विनोदी हवालदारानं, एकेका "व्हय सायेब" नं. आणि तो तयार झालेला कान घेऊन माणूस नंतर खरोखरच्या चौकीत बसतो, इंटरव्ह्यू घेतो, भाड्यानं खोली द्यायची की नाही ते ठरवतो. कळवणहून नाशिकला कॉलेजला आलेला माझा एक भाचा पहिलं वर्षभर वर्गात जवळजवळ बोललाच नाही, घरी फोन करायला हॉस्टेलच्या गच्चीवर जायचा, कारण एकदा कोणीतरी त्याची नक्कल केली होती, आणि ती नक्कल एका ऑडिओ सिरीजमधल्या गुंडाची होती.

आपल्या देशात तर याला जुना आणि क्रूर इतिहास आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या, स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये त्या त्यातून मुक्त झाल्या. पारधी समाजाच्या माणसाला आजही त्याचे चटके बसतात. आणि अजूनही ऑडिओत पारधी पात्र आलं की त्याचा आवाज आपोआप घोगरा होतो, त्याच्या मागे ढोल वाजतो. मालेगावच्या यंत्रमागावर काम करणारा मुसलमान आला की दख्खनी हिंदीचा एक दात-ओठ खाणारा अवतार. अंबडच्या कारखान्यात वेल्डिंग करणारा बिहारी आला की एक तर मूर्ख नाही तर चोर. लेखकानं त्याला निर्दोष ठेवलेलं असतं, शेवटी निर्दोष निघतो पण, तरीसुद्धा आठ तास तो ऐकणाऱ्याच्या कानात गुन्हेगार म्हणूनच वावरलेला असतो.

आता माझ्याशी वाद घालणारे दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतात, मग बोली वापरायचीच नाही का, सगळ्यांनी पुणेरीच बोलायचं का, ते तर जास्त खोटं होईल. मला हे अगदी मान्य आहे आणि म्हणूनच मी बोली काढा असं म्हणतच नाहीये. सगळ्यांना द्या म्हणतेय. नाशिक ग्रामीणच्या पोलीस ठाण्यातला पीएसआय जर सटाण्याचा असेल तर तो घरी आईशी फोनवर अहिराणीतच बोलणार ना, साहेबांशी प्रमाण मराठी बोलेल, आरोपीशी जशी गरज तसं. सिव्हिल हॉस्पिटलची डॉक्टर सुरगाण्याची, कोकणा या आदिवासी समाजाची असू शकते. नाशिकच्या जिल्हा कोर्टातला नामांकित वकील निफाडच्या ढंगात उलटतपासणी घेऊ शकतो, आणि घेतातही, जाऊन ऐका. ज्या दिवशी डिटेक्टिव्हच्या तोंडी "शे" येईल आणि ऐकणाऱ्याला हसू येणार नाही, त्या दिवसापासून गुंडाच्या तोंडी आलं तरी मला चालेल.

दुसरे म्हणतात की बाई, आवाज वेगळे केले नाहीत तर कोण बोलतंय तेच कळत नाही, पुस्तकात मागचं पान उलटता येतं, इथे फक्त थोडं मागे जायचं बटण आहे, आणि स्कूटरवर असताना तेही नाही. ही तक्रार खरी आहे. पंचवटी एक्सप्रेसमधल्या एका पासवाल्या काकांनी मला सांगितलं की त्यांच्या गोष्टीत सुरेश, सुहास आणि सुधीर असे तीन भाऊ होते आणि कल्याण येईपर्यंत मेलेला कोण ते त्यांना कळलं नाही. पण वेगळेपणा दाखवायला बोलीची नक्कल लागत नाही. माणूस घाईत बोलतो की सावकाश, वाक्य पूर्ण करतो की अर्धवट सोडतो, समोरच्याचं ऐकून घेतो की मधेच तोडतो, श्वास कुठे घेतो, एवढ्यावर डोळे मिटून माणूस ओळखता येतो. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांनी आकाशवाणीवर "प्रपंच" ही मालिका रंगवली, टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत कोण बोलतंय हे घराघरात पहिल्या शब्दाला कळायचं, आणि तिघंही साधं, घरातलं मराठी बोलायचे. ती सगळी करामत लयीची होती. ज्यांनी श्रुतिका ऐकल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको, दुर्दैवानं आताच्या स्टुडिओत बसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी त्या ऐकलेल्या नाहीत असं त्यांच्या कामावरून वाटतं.

नाटकातून आलेल्या नॅरेटरांची अजून एक गोष्ट. राज्य नाट्य स्पर्धेत शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय झालेली असते, आणि माइक तोंडापासून वीतभर अंतरावर असतो. मग साधं "आत या" पण घोषणा वाटते. मारहाणीच्या, बलात्काराच्या प्रसंगात हे फार भयंकर होतं. बाईचं किंचाळणं, धाप, हुंदके, सगळं अभिनय करून वाचलेलं मी ऐकलंय, आणि ते ऐकताना मला स्पष्ट जाणवलं की वाचणाऱ्याला त्यात रंगत येतेय. गंगापूर रोडच्या आमच्या मावश्यांपैकी दोघींनी त्यामुळे ऐकणंच सोडलं. त्यांना खुनाची गोष्ट नकोय असं नाही, त्या तर एका बैठकीत शव कुठे पुरलं असेल यावर चर्चा करतात, त्यांना कोणाच्या तरी यातनेची चव घेणारा आवाज नकोय. असा प्रसंग कोरडा वाचावा, सरळ, पंचनाम्यासारखा, तो जास्त आत जातो.

दृष्टिहीन श्रोत्यांचं मत या सगळ्यात सर्वात आधी विचारायला हवं आणि आपण सर्वात शेवटी विचारतो. सातपूरला दृष्टिहीनांसाठीच्या नॅब या संस्थेचं मोठं काम आहे, आपल्या शहरात ही जाण दुसरीकडून आणायची गरज नाही. माझा एक मित्र जन्मापासून बघू शकत नाही, फोनचा स्क्रीन रीडर तो इतक्या वेगात ऐकतो की मला एक शब्द कळत नाही, पुस्तकंही दुप्पट वेगानं ऐकतो. त्याचं म्हणणं असं की खोटी बोली वेग वाढवला की लगेच उघडी पडते, कारण तिच्यात माणसाची लय नसते, नुसते चार शब्द पेरलेले असतात. तो म्हणतो, "तुम्ही चेहरे बघून माणसं चुकीची ओळखता, मी आवाजावर जगतो, मला तरी आवाज खरा द्या."

आणि आता मशीन आलंय. ॲपलनं जानेवारी २०२३ मध्ये कॉम्प्युटरच्या आवाजात वाचलेली पुस्तकं आणली, बाकीचेही त्याच वाटेवर आहेत, मराठीतही स्वस्तात काम होतंय म्हटल्यावर हे येणारच. काही जण मला म्हणाले की मग तुझा प्रश्न सुटला, मशीन कोणाची नक्कल करणार नाही. सुटला नाही, वाढला. मशीनला आपलं साधं मराठीच धड येत नाही, "तो घरी जात होता" यातलं जात आणि माणसाची जात, लिहायला एकच, बोलायला वेगळं, तिथेच अडखळतं. अहिराणी तर त्याला फारशी कोणी शिकवलेली दिसत नाही. म्हणजे आज जी बोली निदान चुकीची का होईना ऐकू येते ती उद्या ऐकूच येणार नाही, सगळं जग एकाच शहराच्या एकाच पेठेत राहतं असं वाटायला लागेल. माणसानं वाईट वाचलं तर त्याला सांगता येतं, तो सुधारतो, म्हणून माझं सगळं भांडण माणसांशी आहे.

म्हणूनच ऐकणाऱ्यांनी लिहायला पाहिजे, आणि नीट लिहायला पाहिजे. ऑडिबलवर एकूण, सादरीकरण आणि गोष्ट असे तीन वेगळे स्टार देता येतात, ही चांगली सोय आहे, तरीपण लोक तिन्हीकडे एकच आकडा टाकून मोकळे होतात. "मस्त" आणि "बोअर" यातून कोणाला काय कळणार? नॅरेटर कुठल्या चॅप्टरला घाबरवायला गेला आणि हसू आलं ते लिहा. कोणाच्या आवाजावरून खुनी आधी कळला ते लिहा, नाव न फोडता पण लिहिता येतं. पात्र पुस्तकात जिथलं आहे तिथली बोली नाहीये हे ज्याला कळतं त्यानं तर लिहायलाच हवं, कारण स्टुडिओत बसलेल्या कोणाला ते कळलेलं नसतं, कळलं असतं तर त्यांनी केलं नसतं असं मी अजूनही मानते. आपली नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारखी १८४० पासूनची संस्था आहे, पुस्तकांवर चर्चा होतात, तिथे एखादी संध्याकाळ ऐकलेल्या पुस्तकांवरही व्हावी, नॅरेटरला समोर बसवून.

आणि जे पुस्तकं काढतात त्यांना माझी मागणी फार खर्चाची नाहीये. नाशिकच्या सायखेडकर नाट्यगृहात नाट्य स्पर्धेच्या दिवसांत जाऊन बसा, सटाण्याची, कळवणची, पेठ-सुरगाण्याची किती पोरं-पोरी तयारीची आहेत ते दिसेल, घरी एक भाषा आणि स्टेजवर दुसरी, दोन्ही त्यांच्या जिभेवर आहेत. त्यांना ड्रायव्हरच्या चार ओळींसाठी बोलावू नका, इन्स्पेक्टरसकट अख्खं पुस्तक वाचायला द्या, मानधन तेच द्या जे मुंबईच्या आवाजाला देता, आणि रेकॉर्डिंगच्या आठवडाभर आधी स्क्रिप्ट त्यांच्या हातात ठेवा, संवादात जिथे जिथे "व्हय सायेब" आहे तिथे खरं काय म्हणतात ते तेच लिहून देतील.